आबांची दाढी

हर्सूलच्या तुरुंगातून सुटून सूर्यभान मुकुंदवाडीला घरी आला, तेव्हा ओसरीवर भाजी चिरत बसलेली त्याची भावजय मंजुळाबाई उठली आणि विळी घेऊन आत गेली. भांडणात त्याच्या हातून माणूस मेला होता. तिची भीती त्याला कळत होती. जमलेले शेजारीही लांबच उभे राहिले. सूर्यभाननं मान वर केली नाही. घोटभर पाणी प्यावं आणि आल्या वाटेनं निघून जावं, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात त्याचे वडील, केरबा, दाढीचं सामान घेऊन ओसरीवर आले. सगळ्यांदेखत त्यांनी रेझरमध्ये नवी पत्ती बसवली, साबण घोळून तोंडभर फेस केला आणि रेझर लेकाच्या हातात दिला.

"माझा हात लई थरथरतोय. तूच कर."

"आबा, मला नाय जमायचं."

"काहून नाय जमायचं? सावकाश कर." असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि मान मागं टाकून गळा त्याच्यापुढं केला.

सूर्यभाननं श्वास धरून गळ्यावरून रेझर फिरवला. मग गालावरून, मग हनुवटीवरून. फेस निघत गेला, पण पत्ती कुठंच खरखरली नाही. फेसाखाली एकही खुंट नव्हता.

आबांनी सकाळीच दाढी केलेली होती.