घटाची माती

घट बसवून सात दिवस झाले, तरी मातीत एकही दाणा रुजला नाही. मालन रडकुंडीला आली. “अहो, देवीचं काही चुकलं का माझ्याकडून?”

“लॉनमधली माती घेतलीस ना? मग कसं उगवेल?” निवृत्ती हसला. तो सोसायटीचा माळी. तीन वर्षांपूर्वी त्यानेच लॉनवर तण मारणारं एक नवं औषध फवारलं होतं. त्यातले जंतू मातीत आपोआप वाढत आणि कुठलंच बी रुजू देत नसत. तेव्हापासून त्याला एकदाही तण उपटावं लागलं नव्हतं.

“लॉनमधली कशाला? माहेरून आणलीय. बाबांनी परवा ज्वारी पेरली ना, त्या शेतातली.”

निवृत्तीची नजर दाराशी काढलेल्या, रोज लॉनवर वापरायच्या बुटांवर गेली. उन्हाळ्यात सासऱ्यांनी त्याला हौसेनं सगळं शेत फिरवून दाखवलं, तेव्हा हेच बूट त्याच्या पायात होते.