पूर्वेच्या खोलीवरचं छत

शिडीला माणूस लागेल, असं मल्लेश इंजिनियर लातूरहून निघताना फोनवर म्हणाला होता. त्यामुळे फाटक वाजलं आणि कापडी पिशवी घेतलेला पन्नाशीचा माणूस आत आला, तेव्हा तो मल्लेशचाच असणार म्हणून केरबांनी त्याला बोलूच दिलं नाही.

"जय भीम," एवढंच तो म्हणाला.

"जय भीम भाऊ. लवकर या, सायेब चढायलेत. गच्च धरा, घाटात ब्रेक धरल्यावानी."

मल्लेशचा पाय तिसऱ्या पायरीवर होता. माणसाने पिशवी ओट्यावर ठेवली आणि शिडी धरली.

केरबांनी तीस वर्षं अहमदपूर डेपोची एसटी चालवली. एवढ्या वर्षांत गाडी कधी वेळेआधी सोडली नाही, पण या आठवड्यात घरातलं सगळंच वेळेआधी चाललं होतं. मुलाचं, संघपालचं लग्न जमत आलं होतं. मुलगी मुरुडची, महामाया. दोघं नांदेडला एकाच दवाखान्यात, तो लॅबमध्ये, ती नर्स. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं. पुढची बोलणी प्रीतम भाच्याने फोनवरून केली. मोठ्यांची गाठ पहिल्यांदा रविवारी पडायची होती. मुरुडचे लोक घर बघायला येणार होते.

मुलीच्या वडिलांचं म्हणणं एकच होतं. हुंडा नको, मानपान नको, लेक ज्या घरात जाईल ते घर धड पाहिजे.

केरबांनी ते मनावर घेतलं. वर एक मजला चढवायचा आणि रविवारी पाहुण्यांपुढे नकाशाच अंथरायचा, असा त्यांचा बेत होता. स्लॅब त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या वर्षी ओतलेला. तो मजला पेलेल का, तेवढं मल्लेशने सांगायचं होतं.

वर हातोडी फिरू लागली. टण, टण, टण. खाली संघपालची आई भामाबाई पदर खोचून ऐकत होत्या, घरात नव्या पावलांचे पैंजण वाजावेत तसं. न राहवून त्यांनी शिडीवाल्यापुढे फोन धरला.

"ही बघा माझी सून. नाक कसं कोरून काढलंय."

माणसाने एक हात शिडीवरून काढून फोन घेतला. बराच वेळ बघितलं.

"हट्टी दिसती पोरगी," तो म्हणाला.

भामाबाईंनी फोन ओढून घेतला. "आसंल हट्टी. माझ्या घरात खपंल. तुमी शिडी धरा."

तेवढ्यात वरचा आवाज बदलला. पूर्वेच्या खोलीवर हातोडी पडली आणि नुसतं भद्द झालं. पुन्हा भद्द. ओल्या पोत्यावर बुक्की मारावी तसं.

मल्लेश उतरला, त्या खोलीत गेला, स्टुलावर उभा राहून त्याने छताचा एक पोपडा काढला. मूठभर वाळू आणि तांबडा गंज खाली आला. मग त्याने शांतपणे सगळं सांगितलं. गच्चीचा उतार उलटा, पन्हाळ उंचावर. पाऊस उघडून महिना झाला तरी कोपऱ्यात शेवाळ ओलं. पाणी आत जिरून सळया खाल्ल्या गेल्यात. बाकी दोन खोल्या ठणठणीत आहेत, पण मजल्याचं नाव इतक्यात काढू नका. आणि पूर्वेची खोली आजच रिकामी करा, तिच्याखाली कुणी निजू नका.

पूर्वेची खोली संघपालची होती. तिला कालच गुलाबी रंग लागला होता.

मल्लेश लिहायला बसला. केरबा ओट्यावर आले आणि शिडीवाल्याशेजारी टेकले. घरच्यांशी बोलवत नाही ते कधी कधी परक्याशी बोलता येतं.

"भाऊ, तुमी ह्या कामातलं माणूस. शनिवारी प्लास्टिकचं सीलिंग ठोकून घेतो. पांढरं फेक. पाव्हण्यांना काय कळतंय?"

"कळायचं न्हाई," माणूस म्हणाला. मग त्याने विचारलं, "खाली निजणार कोण?"

चहा घेऊन आलेल्या भामाबाई दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"आपली रेणुका उदगीरला दिली," त्या हळू म्हणाल्या. "तिच्या सासऱ्यानं आसं झाकून तिला निजवलं आसतं, तर?"

चहा निवत गेला. केरबांनी एकदा गुलाबी खोलीकडे पाहिलं. मग उठून मल्लेशपुढे जाऊन उभे राहिले.

"सायेब, काई मऊ करून लिहू नका. कार्बन घाला, दोन प्रती करा. एक माझी. दुसरी मुरुडला, पोरीच्या बापाच्या हातात. लग्न उन्हाळ्यापर्यंत थांबंल, न्हाईतर मोडंल. पण कुणाची लेक ह्या छताखाली न सांगता आणायची न्हाई."

शिडीवाला कपाच्या तळाकडे बघत होता.

प्रीतमला कळवायला केरबा आत गेले. नंबर दोनदा चुकला. लागला तेव्हा प्रीतमने उचललाच नाही. भामाबाईंनी कुणालाही न विचारता चार ताटं वाढली. मोडायचंच असेल तर मोडो, पण आलेला माणूस उपाशी जायला नको, असं त्यांचं म्हणणं.

केरबा बाहेर आले तेव्हा मल्लेश हातोडी पिशवीत भरत होता. ओट्यावर एकच कागद होता, त्यावर दगड ठेवलेला.

"तुमचा माणूस कुठं गेला? जेवल्याबिगर?"

"माझा?" मल्लेशने वर पाहिलं. "मी एकटाच आलो. मला वाटलं ते तुमच्यातलेच."

केरबांनी कागद उचलला. "आन दुसरी प्रत?"

"तेच घेऊन गेले. मुरुडची चारची बस गाठायची होती त्यांना. म्हणाले, पोचली म्हणून सांगा. रविवारी आम्ही सगळे येतोच, फक्त पंगत अंगणात मांडा."