दहापैकी आठ

"डोळे मिटा, आजी. पेन टेकलं की सांगा."

शकुनबाईने डोळे मिटले. तिचा उजवा तळहात टेबलावर उताणा होता. निकेशने करंगळीच्या टोकाला पेन टेकवलं.

"लागलं."

कुष्ठरोगाने त्या हाताची जाणीव गेली होती. पहिल्या शुक्रवारी दहा जागांपैकी फक्त दोन ठिकाणी तिला स्पर्श कळला. मग चार, मग सहा. आज चौथा शुक्रवार. आठ झाले तर नसांची सूज उतरवणाऱ्या तिच्या गोळ्या कमी होणार होत्या.

इलेक्टिव्हसाठी, म्हणजे डॉक्टरकीच्या अभ्यासातल्या आवडीचा विभाग निवडायच्या महिन्यासाठी, वर्गातल्या बहुतेकांनी नागपुरातले हृदयरोग आणि मेंदूचे विभाग घेतले. निकेशने पवनीकडच्या ग्रामीण रुग्णालयातली ही कुष्ठरोगाची ओपीडी मागून घेतली. "सुट्टीच पाहिजे होती तर गोव्याले जायचं ना बे," मित्र म्हणाले. पुढे त्यांचे फोनही थांबले. महिनाभर तो क्वार्टरमध्ये एकटा जेवला. शकुनबाई दर शुक्रवारी विचारायची, तेव्हा तो तेच सांगायचा. सोमवारी विभागप्रमुखांपुढे ठेवायला त्याच्याकडे या एका हाताचा तक्ता होता. निवड वाया गेली नाही, याचा दुसरा पुरावा नव्हता.

"लागलं... लागलं."

सहा जागा झाल्या. खिशात फोन वाजला. निकेशने पेन वर उचललं आणि दुसऱ्या हाताने फोन बंद केला. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीचा फोन होता.

"लागलं," शकुनबाई म्हणाली.

पेन तळहातापासून वीतभर वर होतं. निकेश हलला नाही.

"लागलं."

"आजी, मी पेन टेकवलंच नाही."

तिने डोळे उघडले. आधी पेनाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पदर तोंडाला लावून ती हसली. "पकडलं का रे, डाक्टर!"

त्याने पुन्हा पहिल्यापासून तपासलं. या वेळी क्रम बदलून, मध्येच न टेकवता थांबून. दहापैकी दोन. त्याने तक्त्यातल्या चार आणि सहावर काट मारली. आजच्या रकान्यात दोन लिहिलं.

"खोटं काहून सांगत होत्या? गोळ्या कमी झाल्या असत्या. हात तुमचा गेला असता."

शकुनबाईने तळहात उलटा केला आणि मांडीवर घेतला.

"पहिल्या दिवशी दोनच निघाले, तवा तुहं तोंड एवढंसं झालं होतं," ती म्हणाली. "माह्या हाताले सवय झाली, बाबू. तुले एकट्यानं राहाची अजून नाही झाली."