जांभळ्या टोमॅटोचं बी

सासूबाईंनी आपण जपलेल्या टोमॅटोच्या वाणांतला एक निवड म्हटलं, तर धाकट्या जावेने नेमका थोरलीचा लाडका जांभळा मागितला. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने आपल्या बरणीतलं चिमूटभर बी तव्यावर चांगलं भाजलं, पुडी बांधली आणि गोड हसून धाकटीच्या हातावर ठेवली. आता उगव म्हणावं!

यंदा थोरलीची सगळी रोपं रोगाने गेली आणि बरणीतलं बी उंदरांनी फस्त केलं. शेवटी नाक मुठीत धरून ती धाकटीच्या दारात उभी राहिली. "जांभळ्याचं थोडं बी दे गं."

धाकटीने कपाटातून तीच पुडी काढली. दोऱ्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.



"न्या, जाऊबाई. तुमच्या हातचं पेरायला मी काय वेडी आहे?"