कानसेनांचं नाणं

कानसेनांनी नाणं बोटाच्या टोकावर तोललं, पेन्सिलीने हलकेच ठोकलं आणि डोळे मिटले. जुन्या नाण्यांच्या दुकानात जमलेले संग्राहक चिडीचूप झाले.

नाणं मेक्सिकोचं, एकोणिसाव्या शतकातलं, चांदीचं. एका बाजूला चोचीत साप धरलेला गरुड, दुसरीकडे टोपी आणि तिच्याभोवती किरण. फार काळ न चाललेल्या एका टाकसाळीत पाडलेलं. कानसेनांच्या संग्रहात तेवढीच जागा रिकामी होती आणि ती भरायला त्यांनी उभं आयुष्य घालवलं होतं. खरी चांदी खणखणीत वाजते, नकली नाणं बद्द. हा फरक त्यांच्याइतका कुणालाच कळत नसे, म्हणून तर लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं.

पण हल्ली त्यांना बारीक आवाज ऐकू येत नसत. हे फक्त बायकोला माहीत होतं. ती शेजारी बसे. नाणं खरं असेल तर त्यांच्या दंडाला बांगडी टेकवी, बद्द असेल तर खोके. तिला स्वतःला नाण्यांचा मनापासून कंटाळा होता, पण इतकी वर्षं शेजारी बसून तिचा कान तयार झाला होता.

नाणं खणखणीत वाजलं. तिचा बांगडीचा हात त्यांच्या दंडाकडे निघाला, तेवढ्यात समोरच्या जुन्या पेटीतली धूळ नाकात गेली आणि ती खोकली.

"बद्द," कानसेन म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

कानसेनांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुकानदाराने नाणं वितळवायच्या डब्यात टाकलं.

"अहो," बायको कळवळली, "मला नुसता ठसका लागला हो!"

"काकू, तुमच्या ठसक्याचा इथे काय संबंध?" दुकानदार हसला.

तिने ओठ चावला. कानसेनांनी तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. आता तोंड मिटून बसलं तर नाव शाबूत राहणार होतं, पण खरं नाणं भट्टीत जाणार होतं.

"काढा ते बाहेर. खरं आहे," ते म्हणाले. "मला हल्ली ऐकू येत नाही. ऐकते ती ही."

कानसेनांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदाराने नाणं डब्यातून काढून त्यांच्या हातात दिलं.

मग कोपऱ्यातला एक संग्राहक पुढे आला. खिशातून स्वतःचं नाणं काढून त्याने कानसेनांच्या बायकोसमोर ठेवलं.

"काकू, एवढं जरा ऐकता का?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. कानसेन उठले आणि आपली खुर्ची तिला दिली.