रोजानंच

“उक्तंच घ्या, ठमाबाई. अर्ध्या एकराचं ठोक ठरवू. रोजाच्या दीडपट पडतील आणि तीनला मोकळ्या व्हाल,” गोरखनं बांधावरून तिसऱ्यांदा सांगितलं.

“नको भाऊ. आमी रोजानंच करतो.”

गोरखला कळेना. जास्त पैसे नकोत, लवकर घरी जाणंही नको. महाळुंगे पडवळात मजूर मिळेना म्हणून त्यानं पार शिनोलीहून पिकअपनं दहा बाया आणल्या होत्या. काल उपटलेल्या कांदारोपांच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली होत्या. आज लागल्या नाहीत, तर निम्म्या फेकाव्या लागणार होत्या.

“महिन्याला पंधराशे यायला लागलं, तशी तुमाला कामाची गरजच नाय राहिली. लाडक्या बहिणी ना तुमी.”

“हाय की,” ठमाबाई हसली. “पयलं तुमी द्याल ते घ्यावं लागायचं. आता नको म्हणता येतं.”

गोरखनं वाफ्याकडं बोट केलं. सत्तरीची कोंडाबाई एकेक रोप बोटानं चाचपून मातीत दाबत होती. बाकीच्या तिच्या बरोबरीनंच सरकत होत्या.

“म्हातारीला सावलीला बसवा. नऊ जणी उरकाल.”

ठमाबाई बांधावर चढून त्याच्याजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, “उक्त्यात हळू हाताची बाई कोण धरत नाय, भाऊ. मागल्या साली आमी उक्तं घेतलं, ती घरी राहिली. पेन्शन येती तिला, खायाला कमी नाय. पण दिवसभर भिंतीशी बोलत बसायची. तिला यातलं ठावं नाय. तुमी बोलू नका.” मग वाफ्याकडं वळत म्हणाली, “दिवस मावळला तरी चालंल. रोपं संपवूनच जाऊ.”

ती वाफ्यात उतरली. गोरखनं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एक जुडी घेऊन कोंडाबाईशेजारी चिखलात बसला. कांदा लावून त्याला कैक वर्षं झाली होती.

“आडवं लावतोस रं,” कोंडाबाई त्याची रोपं सरळ करत म्हणाली. “आन लई लांब लांब. असं बघ.”

तो बघून लावू लागला. ती जराशी त्याच्याकडं झुकली.

“एक सांगते, गोरख. या बायांना कंदी उक्तं देऊ नको. सरकारी पैसं आल्यापासनं लई आळशी झाल्यात. पयलं अशा नव्हत्या. मी हाय म्हणून रेटून न्हेते सगळ्यास्नी.”

नऊ माना खाली होत्या. एकीचे खांदे हलत होते.

“व्हय मावशे,” गोरख म्हणाला आणि पुढचं रोप उचललं. “तुमी व्हत्या म्हणून बरं.”