शनिवारचे तेल

एकाच मृत्यूचा शोक घरातील माणसे निरनिराळ्या रीतींनी वाहतात. कोणाला मृताची वस्तू जपावीशी वाटते, कोणाला ती डोळ्यांसमोरही नको असते. यांत अपराधी कोण, हे ठरवण्याचा अधिकार बहुधा कोणालाच नसतो.

देवराम मिस्त्रीने ट्रॅक्टरचा तिसरा नोझल काढला आणि त्या जागी दाब मोजण्याचे घड्याळ घट्ट बसवले.

“मार सेल्फ.”

हितेशने चावी फिरवली. इंजिन कण्हले. काटा जेमतेम अर्ध्यावर चढून थबकला.

“दम नाय याच्यात,” देवराम म्हणाला.

चहूबाजूंनी उंच संकुले उभी राहिली, तरी बाळकुमचे हे अंगण अद्याप मोकळे होते. हितेशचे वडील काळुराम ओट्यावर बसून पाहत होते. आई, तुळसा, दारात उभी होती. ट्रॅक्टर हितेशच्या थोरल्या भावाचा, प्रफुल्लचा. घोडबंदर रोडच्या वरच्या टेकडीवरून मातीची ट्रॉली उतरवताना तो उलटला आणि प्रफुल्ल त्याखाली गेला. सुतक फिटल्यावर हितेशने तो दुरुस्त करून घेतला आणि त्याच उतारावर नेऊ लागला. तुळसाने एकदाच विनवले होते, “दुसरा कायतरी कर, पोरा.” “दादूसचं काम अर्धं कसं टाकू?” असे त्याने विचारले. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही.

देवरामने त्या भोकातून थोडे तेल आत सोडले. हितेशने पुन्हा चावी फिरवली. या खेपेस काटा सरसर वर गेला. हितेशचा चेहरा उजळला.

“हसू नको. तेलानं फट बुजली म्हणून दम धरला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या. धूळ खाल्ली इंजिनानं.” देवरामने हवा गाळणाऱ्या डब्याची खालची वाटी सोडवली. तिच्यात तेल असले की धूळ तेथेच अडकते. वाटी कोरडी होती. त्याने आतून बोट फिरवले आणि ते उन्हात धरून पाहिले. “ही नुसती कोरडी नाय. पुसलेली हाय. तेल कोण बघतो?”

“बाबा. दर शनिवारी,” हितेश म्हणाला.

दारातील तुळसा एक पाऊल पुढे आली. बोलण्यासाठी तिने ओठ उघडले.

“मीच विसरलो,” काळुराम म्हणाले.

“काका, शनिवारी मारुतीला तेल घालायला बरं विसरत नाय तुम्ही.”

“मारुती समोर उभा असतो रे. वाटी बोनेटखाली.”

देवराम हसला. हितेश हसला नाही. “किती महिने विसरलात, बाबा? जाऊ दे. मिस्त्री, होईल ना?”

“बोअर करून नव्या रिंगा घालू. आठवडाभरात टेकडी चढेल.”

“नको,” काळुराम म्हणाले. “भंगारवाल्याला बोलव.”

हितेश वडिलांकडे वळला. “दादूसचा ट्रॅक्टर भंगारात? सकाळी हा चालू केला ना, की वाटतं तो फाटकापाशी उभा राहून शिव्या घालतोय, उशीर झाला म्हणून. तेवढंच उरलंय माझ्याकडे.”

काळुरामांनी मान खाली घातली, पण शब्द बदलला नाही. हितेशने चावी काढून त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवली आणि तो अंगणाबाहेर निघून गेला. देवरामनेही अवजारे आवरली.

अंगण रिकामे झाल्यावर तुळसा पतीजवळ येऊन बसली.

“मी काढत व्हते तेल,” ती म्हणाली. “तुम्ही भरलं की दुसऱ्या दिवशी. एक गेला त्याच्याखाली. दुसरा जायची वाट नाय बघवली.”

“मना ठाव व्हतं.”

तिने वळून पाहिले. “कधीपासून?”

“पयल्यापासून. घरात एवढी स्वच्छ वाटी पुसणारं दुसरं कोण हाय?”

“मग परत परत भरत कशाला व्हतात?”

काळुरामांनी चावी उचलली आणि मुठीत घट्ट धरली.

“भरली नसती, तर मना कळलंय हे तुला कळलं असतं. मग लाजेनं तू थांबली असतीस. आणि थोरल्याच्या इंजिनाला माराया माझा हात उठला नसता, तुळसे.”

तिने त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. त्या हातांना आता विसावा मिळो. आणि रुसून गेलेल्या त्या लेकराला उदंड औक्ष लाभो.